सोसायटीच्या मेन्टेनन्स अ‍ॅपचा कोड

तुम्ही सोसायटीच्या मेन्टेनन्सचा हिशोब ठेवायला फ्लास्कमधे (पायथनमधे वेबसाइट बनवायचं साधन) अ‍ॅप लिहिलंय आणि कोड बघून सांगा म्हणालात, वरच्या उत्तरांत बहुतेकांनी फाइलींच्या मांडणीवर लिहिलंय, ते बरोबरच आहे पण मला आधी फ्लॅट नंबरच्या सर्चवर बोलायचंय. तिथे युजरने टाइप केलेलं जसंच्या तसं क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या, मजकुराला जोडलंय, म्हणजे कोणी नुसता एक सिंगल कोट टाकला तरी पान एरर देणार, आणि जाणकार माणूस असेल तर सगळ्या सभासदांचे फोन नंबर काढून घेईल. एसक्यूलाइटमधे (तुमच्या डेटाबेसमधे) आज्ञेत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह टाका आणि व्हॅल्यू वेगळ्या टपलमधे (पायथनमधली कंसातली यादी) द्या, हे आजच करा प्लीज, लोकांची माहिती आहे ती.

दुसरं, रक्कम फ्लोटमधे, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांत, ठेवू नका. पायथनमधे ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं, आणि मीटिंगमधे लोक पैशापैशाचा हिशोब मागतात, मागायलाच हवा. सगळं पैशांत पूर्णांक ठेवा, २,३५० रुपये म्हणजे २३५०००, दाखवताना फक्त १०० ने भागा.

सीक्रेट की (अ‍ॅपची लॉगिन वगैरे सुरक्षित ठेवणारी गुप्त किल्ली) गिटमधे, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेलीय, नुसती फाइल डिलीट करून भागणार नाही, जुन्या कमिटमधे (आधी साठवलेल्या बदलांत) ती दिसतच राहते, कीच बदला. सर्व्हरवर डीबग मोडही (चूक झाली की पानावर आतला कोड दाखवणारा) बंद हवा.

बाकी फंक्शन्स छोटी ठेवलीयेत ते खूप आवडलं. पुढच्या वेळी एकेका फीचरची वेगळी पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्यायची विनंती) टाकाल का, एकदम सगळं आलं की वाचणारा वरवर बघतो आणि छान आहे म्हणून निघून जातो. लेट फीचा भाग आधी पाठवा, मी बसून नीट बघतो.