शब्दचर्चा : पोर्ट्रेट, व्यक्तिचित्र, शबीह की अजून काही?

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीच्या ड्रॉइंग्जवर मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. पोर्ट्रेटला काय म्हणू? व्यक्तिचित्र रुळलेला शब्द आहे, पण आपल्याकडे व्यक्तिचित्र लिहितातही, त्यामुळे तो वाचला की कुणा मास्तरांवरचा नाहीतर आजीवरचा लेख आठवतो. शबीह म्हटलं की एका बाजूने दिसणारा, गुलाब हुंगणारा मुघल बादशहा. तसबीर भिंतीवरची, काचेतली, बऱ्याचदा हार घातलेली. ड्रॉइंगचंही तेच, रेखाकला म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा, आणि रेखाटन म्हटलं की कच्चं काम, पक्कं अजून व्हायचंय असं वाटतं. पण हॉकनीने १९७० च्या आसपास रॅपिडोग्राफ पेनने (आपल्याकडे आर्किटेक्चरवाले रॉट्रिंग म्हणायचे ते) मित्रमैत्रिणींची जी चित्रं केली त्यात शेडिंग जवळपास नाहीच, एकसारख्या जाडीची शाईची रेघ, खोडायची सोय नाही. ते पूर्ण चित्रच आहे हो, कच्चं कुठलं!

—

रेखाटन नको, रेखाचित्र घ्या. पण मला वाटतं नाम शोधण्याआधी आपलं क्रियापद बघा. इंग्रजी ड्रॉ म्हणजे मुळात ओढणं, आणि पोर्ट्रेट फ्रेंचमधून आलेला असला तरी त्याच्या तळाशी लॅटिन प्रोत्राहेरे आहे, म्हणजे पुढे ओढणं, बाहेर काढणं. आणि आपण काय म्हणतो? रेघ ओढली, चित्र काढलं! विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, आठवण काढतो, रांगोळी काढतो, सगळीकडे आत असलेलं बाहेर आणणं किंवा नसलेलं उमटवणं. हॉकनीला हे क्रियापद फार शोभतं कारण त्याने तीच मोजकी माणसं पुन्हापुन्हा काढली, कापडांची डिझाइनं करणारी सेलिया बर्टवेल तर साठच्या दशकापासून पुढची पन्नासएक वर्षं. आणि आई. वडिलांच्या अंत्यविधीच्या दिवशी त्याने तिला समोर बसवून शाईत काढलंय, ते बघाच.

—

काढणं पटलं. पण मग १९९९ ची चित्रं? लंडनच्या नॅशनल गॅलरीत अँग्र या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची पोर्ट्रेट्स बघून हॉकनीला वाटलं की इतक्या छोट्या चित्रात इतकी अचूक रेघ नुसत्या नजरेने येत नाही, म्हणून त्याने कॅमेरा ल्युसिडा आणला, दांडीवर बसवलेला छोटासा प्रिझम, त्यातून बघितलं की समोरचा चेहरा कागदावर पडल्यासारखा दिसतो. ते काढणं म्हणायचं की उतरवून घेणं?

—

गिरवणं तर नक्कीच नाही. प्रिझममधून तो डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची टोकं एवढ्याच खुणा दोन-चार मिनिटांत करून घ्यायचा आणि मग प्रिझम बाजूला, पुढचं सगळं थेट माणसाकडे बघून. खुणा उतरवल्या, माणूस काढला. त्याच गॅलरीतल्या बारा पहारेकऱ्यांची गणवेशातली चित्रं त्याने अशीच केली.

सिटिंगला, म्हणजे चित्रासाठी समोर बसण्याला, मात्र बैठक छान शब्द आहे, तो वापरा. २०१६ मध्ये रॉयल अकॅडमीत लागलेल्या ८२ पोर्ट्रेट्समध्ये खुर्ची तीच, कॅनव्हासचा आकार तोच, प्रत्येकाला साधारण तीन दिवस, आधी कोळशाने काढून मग ॲक्रिलिक. एकजण येऊ शकला नाही, बैठक हुकली, तर हॉकनीने बाकावर फळं ठेवून तीच रंगवली.

—

बैठक घेतली, थँक्यू. मथळा 'हॉकनीने काढलेली माणसं' असा करतेय.

—

कामावरून काढलेली वाटतील की. 'चेहरे' करा.

—

चेहरे नाही करता येत, त्या खुर्चीत बसलेल्यांचे हात, बूट, पाय कसे टाकलेत, तेही चेहऱ्याइतकंच बोलतं. माणसंच ठेवते, मथळ्याखाली सेलियाचं चित्र असेल, घोटाळा नाही व्हायचा.