गावापुरता हवामान अंदाज आला, म्हणून पेरणी त्याच्यावर सोडायची का?

कोरडवाहू_माण
ऑक्टोबर 2024 पासून हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज ग्रामपंचायतनिहाय मिळतोय, 'मेरी पंचायत' ॲपवर. चांगलंच आहे. पण साताऱ्यातल्या माण या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात त्याच्या भरवशावर बाजरी पेरू नये, असं माझं मत. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा खात्याच्या हिशेबात अर्थ काय? फार तर पाव केंद्रांवर पाऊस. म्हणजे चारातली तीन गावं कोरडी गेली तरी अंदाज बरोबरच! बियाण्याची पिशवी फोडून बसलेल्याचं काय?

निंबोणीखाली
मग काय पंचांग उघडायचं? यंदा मृगाचं वाहन मोर की गाढव?
2025 आठवा. 26 मेला मान्सून मुंबईत, सगळे हरखले. कृषी विभाग कानीकपाळी ओरडत होता, 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय पेरू नका. पुढे पाऊस जूनच्या मध्यापर्यंत अडला. अंदाज ऐकून जो थांबला, त्याचं बियाणं वाचलं.

कोरडवाहू_माण
अहो, तो इशारा राज्यभराचा होता, एका गावाचा नव्हे. मोठ्या मुलखाचं गणित जमतं, खाली यावं तसं फसत जातं. खात्याचं अंदाज काढणारं नवं संगणकी मॉडेल 6 किलोमीटरच्या एकेका चौकोनाला एक अंदाज देतं, आधी चौकोन 12 चा होता. सुधारणा आहे, मान्य. पण त्या एका चौकोनात आमच्या दोन वाड्या आणि मधला डोंगर सगळं येतं. वळीव डोंगराच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे फुफाटा उडत असतो. मी खुरप्याने माती उकरतो. वीतभर ओल लागली आणि मुठीत लाडू वळला की तिफण जुंपायची.

तेल्याग्रस्त
तुम्ही दोघं खरिपाच्या पेरणीतच अडकलात. माझी डाळिंबाची बाग आहे. आज फवारलं आणि रात्री सर आली की औषध गेलं वाहून, वर ओलाव्याने तेल्या रोग पसरतो तो वेगळाच. मला उद्या-परवाचंच कळायला हवं आणि तेवढं या अंदाजातून बऱ्यापैकी कळतं. पाचव्या दिवसाकडे मी बघतही नाही.

माळावरची
भाकितावर भांडताय, पण पडलेला पाऊस तरी नीट मोजला जातोय का? महावेधचं, म्हणजे राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पाचं, केंद्र महसूल मंडळाला एक, त्याखाली कितीतरी गावं. तिथे चोवीस तासांत 65 मिमी नोंदला तर अतिवृष्टी. ओढ्याने बांध नेला तरी केंद्रावर भुरभुर असेल तर पंचनाम्यासाठी खेटे घाला! आधी प्रत्येक ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक द्या. गावाचा आकडाच नसेल तर गावाचा अंदाज चुकला की जमला, हे ठरवणार कशावरून?

निंबोणीखाली
मागणी रास्त, पण वाचणार कोण? नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची असते. शाळेत लावलं तर रविवार बुडाला, ग्रामपंचायतीत लावलं तर कुलूप. अर्धवट नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी.

माळावरची
दूध डेअरीवर लावा. तिथे रविवार नसतो. फॅट लिहिणारा पोरगा मिलिमीटरही लिहील, फक्त महिन्याला त्याच्या हातावर काहीतरी टेकवा.

कोरडवाहू_माण
हे पटलं. पण तो आकडा पंचनाम्याला धरणार का, हे तहसीलमधून लेखी घ्या. नाहीतर पोरगा वही भरत राहील आणि ते म्हणतील, आमच्या केंद्रावर नोंद नाही.