तार गुंडाळायची घाई नको

बोन्सायची कुंडी बदलली त्याच दिवशी फांद्यांना आकार द्यायला तारही गुंडाळावी का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नको. कुंडी बदलताना मुळं छाटल्यावर झाड आधीच दमलेलं असतं. नवी पालवी जोमाने फुटेपर्यंत थांबा, तोवर कडक उन्हापासून जपा.

सुरुवातीला ॲल्युमिनियमची तार घ्या, मऊ असते. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. वेढे 45 अंशांच्या तिरप्या कोनात, सारख्या अंतराने, न आवळता. वाकवताना बाकाच्या बाहेरच्या बाजूला वेढा आलाच पाहिजे, कारण साल तिथेच फाटते. अंगठे आतून टेकवा आणि अगदी हळू वाकवा. एका दमात हवा तेवढा बाक येत नसेल तर काही आठवड्यांनी पुन्हा थोडं.

आणि वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला तार बघाच! माझ्या पहिल्या वडाच्या फांदीत ती रुतली होती, ते वळ अजून दिसतात, बघितलं की वाईट वाटतं. काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.

पाणी मात्र वेळापत्रकाने नाही, मातीचा वरचा थर सुकू लागला की, तळातून वाहेपर्यंत.