प्रोटॉन की मुलवाड व्हीपीएन? दोन्ही वापरलेत, सांगतो

दादा, तुम्ही विचारलंय व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून आपला पत्ता लपवणारी सेवा) प्रोटॉनचं घेऊ का मुलवाडचं, मी दोन्ही वापरलेत, इथं सांगलीत विश्रामबागेत घरच्या वायफायवर. पहिलं म्हणजे व्हीपीएननं स्पीड वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, त्यामुळं रात्री नेट रखडतंय म्हणून घेणार असाल तर पैसे घालवू नका.

मुलवाडचं मला मनापासून आवडलं ते हे की ईमेल नाही, नाव नाही, नुसता 16 आकडी नंबर, तोच तुमचा अकाउंट, मी तो डायरीच्या शेवटच्या पानावर पेनानं लिहून ठेवलाय. महिन्याला 5 युरो, वर्षाचं एकदम भरलं तरी सूट नाही. 2023 मध्ये स्वीडनचे पोलीस त्यांच्या ऑफिसात आले होते, पण ग्राहकांचा डाटाच साठवत नाहीत म्हटल्यावर रिकाम्या हातानं गेले, हे मला लय मोठं वाटतं.

पण घरात चौघंजण असाल तर मुलवाडचे 5 डिव्हाइस लगेच संपतात, प्रोटॉनच्या पेड प्लॅनमध्ये 10 चालतात. भारतातला आयपी (नेटवरचा पत्ता) पायजे असेल तरी प्रोटॉनच बघा, 2022 ला सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ग्राहकांच्या नोंदी ठेवायचा नियम आल्यावर त्यांनी इथले सर्व्हर काढले, तरी भारतीय आयपी बाहेरच्या सर्व्हरवरून देतात.

आधी प्रोटॉनचं फुकटवालं आठवडाभर चालवा, डाटाला लिमिट नाही, फक्त एकाच डिव्हाइसवर चालतं.