मदत हवी आहे: चंद्राआड जाणाऱ्या ताऱ्याची वेळ गच्चीवरून नेमकी कशी नोंदवायची? (पुणे)

नमस्कार मंडळी,

चंद्र पुढे सरकताना वाटेतल्या ताऱ्याला झाकतो, त्याला पिधान म्हणतात. मला ते नुसतं पाहायचं नाही, त्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदवायची आहे. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा काही ना काही चुकलं. म्हणून हा धागा.

आधी थोडं मागचं सांगते. दिवाळीत माळा आवरताना बाबांची एक लांबट वही सापडली, हिशेबाच्या वह्या असायच्या तशी. पहिल्या पानावर "नारायण पेठ, वाड्याची मागची गच्ची" असं लिहिलेलं. आत १९८२ ते १९८९ पर्यंतच्या नोंदी. चार रकाने: तारीख, तारा, कड, वेळ. आकाशवाणीच्या टिकटिकीवर एचएमटीचं घड्याळ लावून, बायनॉक्युलर कठड्यावर टेकवून ते हे करायचे. मी तेव्हा लहान होते, रात्री बाबा गच्चीवर असतात एवढंच आठवतं. एका नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, "डोळा मिटला असं वाटलं. मिटला नव्हता."

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पुन्हा बरं दिसतंय. त्या वहीत त्यांच्या हातची आणखी एक नोंद व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आम्ही सहकारनगरला राहतो. चार मजली इमारतीची गच्ची आहे, सोलरच्या टाक्या सोडल्या तर पश्चिम मोकळी. ६ इंची आरशाची दुर्बीण आहे, साध्या डॉब्सोनियन बैठकीवर, म्हणजे हाताने ढकलायची, मोटर नाही.

पहिल्या वेळी वेळ पेपरातून घेतली. ती टळली तरी तारा जागेवरच. चुकीचा तारा धरला असं वाटून मी दुसरीकडे शोधायला लागले. परत येईपर्यंत तारा गेलेला. दुसऱ्या वेळी पूर्ण वेळ चंद्राच्या भलत्याच कडेकडे बघत बसले, कारण दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हे ऐन वेळी डोक्यातून गेलं. तिसऱ्या वेळी तारा जाताना बाबांना दिसला. ते "गेला!" म्हणाले, मी मोबाईलवर स्टॉपवॉच दाबलं. पण त्यांचं म्हणणं आणि माझं दाबणं यात किती वेळ गेला, कोण सांगणार? आकाशवाणीची टिकटिक अ‍ॅपवर लावली होती, तीही मोबाईलच्या घड्याळाच्या कितीतरी मागे वाजत होती.

तर प्रश्न असे. पुण्याची, खरं तर आमच्या गच्चीची, वेळ कुठून काढायची? बरोबर कड कशी ओळखायची? आणि बाबा बघणार, मी नोंदवणार, तर मधला उशीर कसा धरायचा? शहरातल्या उजेडातून हे जमतं का, की भोरकडे वगैरे जावं लागेल? बाबांना रात्रीचा प्रवास आता झेपत नाही.

---

प्रतिसाद – सिंहगडवाट

ताई, सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: कुठेही जाऊ नका. आकाशगंगा बघायला काळोख लागतो, पिधानाला नाही. तिथे चंद्राचाच उजेड इतका असतो की रस्त्यावरच्या दिव्यांनी फार काही बिघडत नाही. अर्धा चंद्र असेल तर तुमच्या ६ इंचीतून सातव्या-आठव्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) तारेही काळ्या कडेला जाताना दिसतील.

पेपरातली वेळ बहुधा मुंबईची होती. चंद्र जवळ असल्यामुळे प्रत्येक गावाहून तो ताऱ्यांच्या तुलनेत थोडा वेगळ्या जागी दिसतो. मुंबई-पुणे अंतर हवाई मार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण तेवढ्यानेही दोन-तीन मिनिटांचा फरक सहज पडतो. ताऱ्याच्या उजेडात पृथ्वीवर पडणारी चंद्राची सावली साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते, म्हणून मुंबईत बहुतेकदा आधी, पुण्यात नंतर. तुमचा तारा बरोबर होता, फक्त थांबायला हवं होतं. स्टेलॅरियममध्ये (संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) पुणे शहर न निवडता गच्चीचे अक्षांश-रेखांश आणि उंची (पुण्याची साधारण ५६० मीटर) घाला. त्यातली वेळ तयारीपुरती उत्तम. आणखी नेमकी हवी असेल तर ऑकल्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते याच कामासाठी बनवलंय.

कडेचं उलट-सुलट पाठ करत बसू नका. दुर्बीण स्थिर ठेवा आणि चंद्र कुठल्या बाजूने क्षेत्राबाहेर, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या गोलाबाहेर, निसटतो ते पाहा. ती पश्चिम. तिच्या विरुद्ध बाजूची कड पूर्वेची, आणि तारा नेहमी पूर्वेच्या कडेनेच आत जातो, कारण चंद्र ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, तासाला साधारण स्वतःच्या व्यासाएवढा. शुक्ल पक्षात हीच कड काळी असते, म्हणून शुक्ल पक्षच धरा. कृष्ण पक्षात तारा उजळ कडेने आत जातो आणि काळ्या कडेतून अचानक बाहेर येतो. तो कुठून उगवणार ते आधी दिसत नाही, त्यामुळे सवय होईपर्यंत तिकडे वळू नका.

आणि चंद्राचा उजळ भाग क्षेत्राबाहेर ठेवा, फक्त काळी कड आणि तारा आत. बाबांच्या डोळ्याला याने फार फरक पडेल.

---

प्रतिसाद – नितत्नी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी वेळेबद्दल लिहिते, कारण सगळी गंमत तिथे आहे.

स्टॉपवॉच सोडून द्या. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला ठेवा आणि शेजारी खराखुरा रेडिओ लावा. अ‍ॅपवरचा आवाज इंटरनेटवरून फिरून येतो, म्हणून मागे पडतो. खऱ्या रेडिओवर तासाची टिकटिक मिळाली की रेकॉर्डिंगला खूण मिळाली. तोपर्यंत रेकॉर्डिंग मध्ये थांबवायचं नाही. बाबांनी फक्त "गेला" म्हणायचं. नंतर संगणकावर आवाजाची रेघ बघून टिकटिक ते "गेला" अंतर मोजायचं.

आता बाबांचा स्वतःचा उशीर. तारा गेल्यापासून तोंडातून शब्द निघेपर्यंत प्रत्येकाचा वेळ वेगळा असतो, बहुतेकांचा पाव ते अर्धा सेकंद, वयानुसार थोडा जास्त. तो घरीच मोजता येतो. अंधाऱ्या खोलीत लांबवर एक छोटा दिवा ठेवा, कुणीतरी तो न सांगता बंद करायचा, बाबांनी "गेला" म्हणायचं, आणि हे सगळं व्हिडिओत घ्यायचं. व्हिडिओतली दिवा विझल्याची चौकट (फ्रेम) आणि आवाज यांतलं अंतर म्हणजे त्यांचा उशीर. वीसेक वेळा करून सरासरी काढा.

वहीतली पेन्सिलची ओळ वाचून अंगावर काटा आला. अगदी तसंच वाटतं. चंद्राला वातावरण नाही आणि तारा जवळजवळ बिंदूच, त्यामुळे मंद होत जाणं नाहीच, एका क्षणी आहे, पुढच्या क्षणी नाही. कधी तारा दोन टप्प्यांत गेला तर तीही नोंद करा, तो जोडतारा असू शकतो. ज्येष्ठा ताऱ्याचा सोबती असाच सापडला: १८१९ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नात खगोलशास्त्रज्ञ ब्यूर्ग यांना चंद्राआडून आधी एक मंद तारा आणि मग काही सेकंदांनी ज्येष्ठा बाहेर येताना दिसली.

बाबांना हेही सांगा की रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीची रेडिओ दुर्बीण मुख्यतः चंद्रपिधानांसाठीच बांधली होती. ५३० मीटर लांब, डोंगराच्या उतारावर बसवलेली, १९७० मध्ये सुरू झालेली. रेडिओ स्रोत चंद्राआड जाताना त्याचा संकेत कसा कमी होतो यावरून त्याचा आकार मोजायचा. पुढे आपल्या नारायणगावजवळ जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण उभारली ती त्यांनीच.

जुन्या नोंदी टाकून देऊ नका. पण त्या तपासायच्या तर निरीक्षणाची जागा तीसेक मीटरच्या आत माहीत हवी. किलोमीटरभर चुकलं तर सेकंद-दीड सेकंदाची चूक होते.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दिव्याचा प्रयोग रात्रीच केला. बाबांचा उशीर ०.६ सेकंद निघाला. नातू दिवा बंद करत होता आणि बाबा अगदी परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते.

नितत्नी, तुमच्या नावाचा अर्थ बाबांनी लगेच सांगितला: कृत्तिकांपैकी एक. अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणिका, सातही त्यांना पाठ आहेत. चंद्र कृत्तिकांमधून जाईल तेव्हा एका रात्रीत अनेक तारे झाकले जातील ना?

---

प्रतिसाद – नितत्नी

हो, आणि सध्याचा काळ चांगला आहे. चंद्राची वाट साडेअठरा वर्षांच्या चक्रात वर-खाली होते, त्यात २०२३ ते २०२९ या काळात ती कृत्तिकांवरून जाते. दर महिन्याला पृथ्वीवर कुठेतरी, पुण्यातून अर्थातच प्रत्येक वेळी नाही. कार्तिकात तिथे पूर्ण चंद्र असतो, त्या झगमगाटात तारे बुडतात. माघात रथसप्तमीच्या आसपास चंद्र जवळपास अर्धा असताना तिथे पोचतो, तेव्हाची तारीख स्टेलॅरियममध्ये तपासून ठेवा. तोवर साध्या ताऱ्यांवर हात बसवा. ज्योतिर्विद्या परिसंस्थेतही विचारा, १९४४ पासून पुण्यात हौशी निरीक्षक तिथे जमतात.

---

धागाकर्ती

कळवायला उशीर झाला. परवा अष्टमीला जमलं! सातव्या प्रतीचा तारा. साडेसातपासून दुर्बीण गच्चीवर ठेवली होती, म्हणजे आरसा गार होईल. बाबा मफलर गुंडाळून स्टुलावर, मी दुर्बीण ढकलायला, रेडिओ टाकीच्या कट्ट्यावर. शेवटची दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग "गेला". रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज इतका हळू आहे की शेजारच्या इमारतीतल्या कुकरची शिट्टी त्याहून मोठी ऐकू येते.

उशीर वजा करून वेळ आली ८:२१:४०.३. बाबांनी ती १९८९ च्या शेवटच्या नोंदीखाली स्वतः लिहिली. "कड" या रकान्यात "काळी".

आता वाड्याच्या जागेचं. तिथे इमारत उभी राहून वीस वर्षं झाली, विहीर बुजली. पण बोळाच्या तोंडाचा पिंपळ अजून आहे आणि मागची गच्ची त्याच्यापासून किती पावलांवर होती हे बाबांना आठवतं. रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, आम्ही दोघं मोबाईल घेऊन जातो. अक्षांश-रेखांश मिळाले की वहीतल्या सगळ्या नोंदी इथे टाकते. कुणी तपासून देईल का?