गावात कोकमाचं सामायिक प्रक्रिया केंद्र: मशीन मिळेल, पण चालवणार कोण? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. सोसायटीचं एक गोदाम सात वर्षं रिकामं पडून आहे. पत्रे शाबूत आहेत, वीज आहे, विहीर शेजारीच. सोसायटी ते नाममात्र भाड्याने आमच्या बचत गटांना द्यायला तयार आहे. दोन गट मिळून आम्ही 19 जणी.

एप्रिल-मे आला की प्रत्येकीच्या खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, परत रसात, परत उन्हात. मेअखेरीला एक पाऊस पडला की बुरशी. गेल्या वर्षी सासूबाईंची जवळजवळ अर्धी सोलं फेकावी लागली. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सरबत उत्तम होतं, पण घरागणिक चव वेगळी आणि बाटलीवर लेबल नाही, म्हणून हायवेवरचा दुकानदार म्हणेल तो भाव. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, आमच्या खळ्यापर्यंत त्याचा फायदा आलेला नाही.

म्हणून गोदामात ग्रामीण इन्क्युबेटर उभारायचा विचार आहे. वाळवणी यंत्र, पल्पर (गर काढायचं यंत्र), बाटल्या भरायची सोय सगळ्यांना मिळून वापरता येईल आणि ज्या दोघी-तिघींना स्वतःचा उद्योग काढायचाय त्यांना तिथून सुरुवात करता येईल. पैशाची माहिती काढली आहे. केंद्र सरकारच्या 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाशी जोडलेलं 35 टक्के अनुदान आहे, एका उद्योगाला जास्तीत जास्त 10 लाख. बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी 40,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. केंद्राच्याच 2015 च्या अस्पायर या ग्रामोद्योग योजनेतही अशा केंद्रांच्या यंत्रसामग्रीला मदत होती.

माझी अडचण वेगळीच आहे. जवळच्या एका गावात असंच केंद्र झालं. उद्घाटन झालं, फोटो निघाले, आज दाराला कुलूप आहे. मशीन बिघडलं नव्हतं. ते रोज उघडणारं, मालाची नोंद ठेवणारं, परवान्याचे कागद करणारं, दुकानदाराशी बोलणारं माणूस नव्हतं. मशीनला पैसे मिळतात, माणसाच्या पगाराला कुठून आणायचे? आणि रातांब्याचा हंगाम तर जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. बाकीचं वर्ष केंद्र कशावर चालवायचं? ज्यांनी असं काही प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जूनच्या ग्रामसभेआधी ठरवायचं आहे.

प्रतिसाद

ताई, मी पाच वर्षं एका शेतकरी कंपनीचं प्रक्रिया केंद्र सांभाळलंय. पहिल्या वर्षी पल्पर घेऊच नका. फक्त वाळवणीचा प्रश्न सोडवा, नुकसान तिथेच होतंय. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात सौर वाळवणीचं काम झालेलं आहे, गटातल्या दोघींनी जाऊन बघून यावं. सरबताची एकसारखी चव आणि टिकवण यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारा, कोकमावर त्यांचा अभ्यास जुना आहे, ‘कोकण अमृता’ ही जात त्यांचीच.

माणसाच्या पगाराचं म्हणाल तर किलोमागे वाळवणावळ लावा. प्रत्येकीने आपला माल आणायचा, वजन करून द्यायचा, किलोप्रमाणे पैसे द्यायचे. आमच्याकडे सुरुवातीला सगळं फुकट होतं, तेव्हा कुणीच वेळ पाळली नाही. दर लावला आणि शिस्त आली. त्या रकमेतून अर्धवेळ माणसाचा पगार निघू लागला. तो माणूस गटातलाच पण हिशेबाला पक्का हवा. नातं बघून नेमू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद

तुमच्या गोदामावरून एक आठवलं. अमेरिकेत बटाव्हिया नावाच्या छोट्या शहरात शेतीयंत्रांचा मोठा कारखाना बंद पडला. अख्खी इमारत घेणारं गिऱ्हाईक मिळेना, म्हणून मॅन्क्युसो कुटुंबाने 1959 पासून ती तुकड्यातुकड्याने छोट्या धंद्यांना दिली. जोसेफ मॅन्क्युसो भाडेकरूंना सल्ला द्यायचे, भांडवल उभं करायला मदत करायचे. त्यात एक कोंबड्यांचा धंदा होता, त्यावरून ते जागेला इन्क्युबेटर म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झालं. म्हणजे आपल्या भाषेत उबवणी केंद्रच. पिल्लू बाहेर पडलं पाहिजे. एखादीचा धंदा उभा राहिला की तिने किती वर्षांत जागा सोडायची, ते आजच लिहून ठेवा. नाहीतर दोन घरं गोदाम अडवून बसतील आणि बाकीच्या 17 जणी परत खळ्यात.

रिकाम्या महिन्यांबद्दल: मे-जूनमध्ये फणस, थंडीत आवळा, आणि कुळीथ पीठ वर्षभर. रातांब्याच्या बियांचं भिरंडेल (घट्ट तेल) विसरू नका, ते काम हंगामानंतर सावकाश करता येतं.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. वाळवणावळीचा विचार आमच्या डोक्यात नव्हता. आज संध्याकाळी बैठकीत मांडते. एकच विचारायचं राहिलं: दर ओल्या रातांब्यांच्या वजनावर लावायचा की सुकलेल्या सोलांवर? ओल्यावर लावला तर ज्यांची सालं पातळ, त्यांना अन्याय होईल असं दोघी-तिघींचं म्हणणं आहे.