विषय: तळ्याचं पत्र – १० एचपी की वेगमर्यादा? (आज रात्रीपर्यंत!)

प्रेषक: सचिव
मंडळी, तळ्यावरच्या मोटरहोड्यांच्या नियमाबद्दल लेखी मत द्यायची मुदत आज मध्यरात्री संपते आणि मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदावर घोडं अडलंय. मोटर जास्तीत जास्त १० एचपीची (हॉर्सपॉवर, म्हणजे मोटरीची ताकद) ही अट काढून नुसती वेगमर्यादा ठेवायची, याला आपला पाठिंबा की विरोध? कृपया एका ओळीत सांगा. जुनी भांडणं नकोत.

प्रेषक: पाँटूनवाले काका
एका ओळीत: पाठिंबा. आता कारण. एचपी म्हणजे वेग नव्हे. १० एचपीची मोटर हलक्या ॲल्युमिनियमच्या होडीत एकट्या माणसाला भन्नाट पळवते, आणि तीच मोटर आमच्या पाँटूनवर (तरंगत्या नळ्यांवरची सपाट होडी) माणसं भरली की समोरच्या वाऱ्यात धापा टाकते. मागच्या वेळी वारा फिरला तेव्हा कोण कोण वल्ही मारत होतं, नावं घेत नाही. इंग्लंडातल्या विंडरमिअर तलावावर २००५ पासून १० नॉटची (ताशी सुमारे १८.५ किलोमीटर) मर्यादा आहे. तिथं चालतं ना?

प्रेषक: कयाकवाल्या ताई
काका, विंडरमिअर इंग्लंडातला सर्वात मोठा नैसर्गिक तलाव आहे, तिथं गस्तीची बोट फिरते. आपल्याकडे कोण फिरणार, तुम्ही? एचपीचा आकडा मोटरीच्या झाकणावरच लिहिलेला असतो, होडी पाण्यात उतरवतानाच दिसतो. वेग मोजायला रडार लागतं आणि ते धरणारा माणूसही.

प्रेषक: खजिनदार
गस्तीचा खर्च मंडळाच्या माथी मारायचा विचार असेल तर आत्ताच नाही म्हणतो. आणि कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय लेटरहेड वापरायचं नाही. पार्किंगच्या पत्राचं काय झालं ते आठवत असेलच.

प्रेषक: दादा (इंजिनिअर)
दोघंही वेगावर भांडताय, पण काठ खाते ती लाट. बोट सावकाश चालली की लाट लहान. पूर्ण वेगात ती पाण्यावर उचलली जाऊन घसरायला लागली की लाट पुन्हा कमी होते. या दोन्हींच्या मधे, नाक वर आणि बूड खाली अशी नांगरत जाते, तेव्हा सगळ्यात मोठी लाट उठते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते: उंची दुप्पट, मार चौपट. म्हणजे मर्यादेचा आकडा चुकला तर मोठ्या बोटींना आपण नेमकं सर्वात वाईट वेगानं चालवायला लावू. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं २०२४ मध्ये वेकबोटींसाठी (मुद्दाम मोठी लाट उठवणाऱ्या बोटी) वेगाचा आकडा धरलाच नाही. काठापासून ५०० फूट, किमान २० फूट खोली आणि असं सलग ५० एकर पाणी, तरच मोठी लाट उठवा. आपल्याकडे एवढी खोली आहे का?

प्रेषक: पाँटूनवाले काका
> आपल्याकडे एवढी खोली आहे का?
बांधापाशी सोडली तर नाही, गळ टाकणाऱ्याला विचारा. पण वेकबोट आहे कुणाकडे? नसलेल्या बोटीसाठी माझी मोटर का अडवता?

प्रेषक: कयाकवाल्या ताई
आत्ता नाही, कारण १० एचपीची अट आहे! ती काढा, पुढच्या उन्हाळ्यात पोटात पाण्याच्या टाक्या भरून मुद्दाम जड केलेल्या बोटी हजर. उथळ पाण्यात तळाचा गाळ उठतो, त्यातला फॉस्फरस वर येतो, मग शेवाळ. कयाक उलटते ती वेगळीच.

प्रेषक: नवीन सभासद
नमस्कार. माझी इलेक्ट्रिक मोटर आहे, तिच्यावर एचपी नाही, पौंडांत थ्रस्ट (ढकलायचा जोर) लिहिलाय. ती चालेल का?

प्रेषक: दादा (इंजिनिअर)
ती १२ व्होल्टवर ५० अँपिअर घेत असेल तर ६०० वॅट. एक एचपी ७४६ वॅटचा, म्हणजे तुमची एक एचपीचीही नाही. खुशाल चालवा. सचिव, तेवढी एक ओळ पत्रात घाला, नाहीतर धक्क्यावर रोज वाद होतील.

प्रेषक: सचिव
"एका ओळीत" म्हटलं होतं. असो. असं लिहितो: १० एचपी कायम ठेवा, काठाजवळ लाट न उठवता चला, इलेक्ट्रिकला स्पष्ट परवानगी द्या, आणि जास्त माणसं नेणाऱ्या पाँटूनला १५ एचपीपर्यंत सूट द्या. चालेल?

प्रेषक: पाँटूनवाले काका
१५ मध्ये माझं काय होणार? २५ करा, नाहीतर मी माझं वेगळं पत्र पाठवतो.

प्रेषक: सचिव
१५ च ठेवून पाठवलं, कार्यकारिणीची फोनवर संमती घेतली आहे. काका, वेगळं पत्र जरूर पाठवा, फक्त लेटरहेड वापरू नका.